न विचारता घेतलेला चेहरा

आपल्या पुष्कळ घरांत भिंतीवर, पवित्र कुटुंबाच्या तसबिरीशेजारी, आजी-आजोबांचे एक जुने छायाचित्र टांगलेले असते. आजोबांनी अंगात कोट चढवलेला असतो, आजीने ठेवणीतले लुगडे आणि गळ्यात होते नव्हते ते सोने घातलेले असते. दोघांचेही चेहरे थोडे ताठ, थोडे घाबरलेले. त्या छायाचित्राला कोणी कला म्हणणार नाही. परंतु त्यात एक गोष्ट निर्विवाद आहे : ती दोन माणसे स्वतःच्या पायांनी स्टुडिओत गेली होती. आपण कसे दिसावे, हे त्यांनी घरून निघण्यापूर्वीच ठरवले होते. पैसे त्यांनी मोजले आणि छायाचित्र त्यांच्याच घरी आले.

आता स्टुडिओ रस्त्यावर आला आहे, आणि माणसाच्या मागे धावू लागला आहे. पूर्वी खोलीत बंदिस्त असलेली प्रकाशयोजना आज एका पिशवीत मावते. बॅटरीवर चालणारा फ्लॅश, त्याच्यापुढे पांढऱ्या कापडाची छत्री, ती धरून उभा असलेला एक सहकारी आणि पार्श्वभूमी विरघळवून टाकणारे ८५ मिलिमीटरचे भिंग, एवढ्या सामग्रीवर भर बाजारात, भर दुपारी, कोणाही वाटसरूचे स्टुडिओच्या तोडीचे छायाचित्र निघते. २०१६ साली आयफोनमध्ये पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय आली, तेव्हापासून तर पिशवीचीही गरज उरली नाही. न्यूयॉर्क, लंडन, मुंबई अशा शहरांतून अनोळखी माणसांची अशी छायाचित्रे टिपणे हा हजारो तरुणांचा छंद झाला आहे आणि काहींचा धंदाही. आपल्या धर्मग्रामांतील मुलेही त्यात आहेत. म्हणूनच या विषयावर आपल्या त्रैमासिकात लिहिणे मला आवश्यक वाटते.

माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट करतो. ज्याला विचारता येणे शक्य होते त्याला न विचारता त्याचा चेहरा घेणे, तो प्रकाशाने सजवणे आणि आपल्या नावावर जगापुढे मांडणे ही उचलेगिरी आहे. छायाचित्र उत्तम निघाले म्हणून ती उचलेगिरी कमी होत नाही. चोरलेल्या फुलांचा हार सुंदर गुंफला म्हणून फुले आपली होत नाहीत.

या प्रकाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. फिलिप-लोर्का डिकोर्सिया या नामवंत छायाचित्रकाराने १९९९ ते २००१ या काळात तेथील टाइम्स स्क्वेअर या गजबजलेल्या चौकात बांधकामाच्या परांचीला फ्लॅशचे दिवे बांधून ठेवले. स्वतः तो बराच दूर, लांब पल्ल्याचे भिंग लावून उभा राहिला. एखादा पादचारी ठरलेल्या जागी आला की दिवा क्षणभर लखलखे. दिवसाच्या उजेडात ते कोणाच्या लक्षातही येत नसे. चालणारा चालत पुढे जाई, आणि त्याचा चेहरा मागे राही. अशा असंख्य चेहऱ्यांतून १७ निवडून त्याने त्यांना 'हेड्स', म्हणजे 'मस्तके', असे नाव दिले आणि २००१ च्या सप्टेंबरमध्ये एका प्रतिष्ठित कलादालनात ते मांडले. एकेका प्रतीची किंमत वीस ते तीस हजार डॉलर होती.

त्या सतरांपैकी एक चेहरा एका वृद्ध हसिदिक ज्यू गृहस्थाचा होता. प्रदर्शनात त्याला नाव नव्हते, क्रमांक होता : १३. आपला चेहरा विकला जातो आहे, हे त्याला कळले तोवर काही वर्षे उलटून गेली होती. मूर्ती व प्रतिमा यांविषयीची जी आज्ञा मोशेला मिळाली, तिचा अर्थ त्याच्या पंथात कडकपणे लावला जातो, आणि म्हणून हे चित्र त्याच्या श्रद्धेचा भंग करणारे होते. तो न्यायालयात गेला. २००६ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने दावा फेटाळला. त्याची व्यथा न्यायालयाने खोटी मानली नाही. पण हे छायाचित्र व्यापारी माल नसून कला आहे, आणि विकली गेली तरी कला ती कलाच, तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, असा निर्णय दिला. २००७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायासनाने दावा मुदतीबाहेर असल्याचे सांगून प्रकरणावर पडदा टाकला.

ती छायाचित्रे मी पुस्तकात पाहिली आहेत. त्यांचे सामर्थ्य मी नाकारीत नाही. काळोखातून एकेक चेहरा असा उजळून वर येतो की जुन्या चित्रकारांनी रंगवलेल्या संतांची आठवण व्हावी. पण त्या काळोखाकडेच वाचकांनी नीट पाहावे, अशी माझी विनंती आहे. तो काळोख खरा नाही. ती दिवसाची वेळ होती. मागे दुकाने होती, जाहिराती होत्या, माणसांची रीघ होती. दिव्याच्या झोताने चेहरा उजळला, आणि त्याच्या तुलनेत बाकीचा चौक काळा पडला. हाच सगळ्या वादाचा गाभा आहे. 'ही सार्वजनिक जागा आहे, येथे कोणीही कोणालाही पाहू शकतो,' असे म्हणून आधी हक्क सांगायचा, आणि मग प्रकाशयोजनेने ती सार्वजनिक जागाच पुसून टाकायची! छायाचित्रात रस्ता उरतच नाही. गर्दीतला माणूस गर्दीत सुरक्षित असतो, कारण तेथे सगळे सगळ्यांना ओझरते पाहतात. त्याला एकट्याला उचलून काळ्या पडद्यापुढे उभे केले, की तो खाजगी खोलीत नेलेला माणूस होतो. रस्त्याचा परवाना खोलीत चालत नाही.

कायदा छायाचित्रकाराच्या बाजूने आहे, मग नैतिकतेचा प्रश्न कुठे येतो, असे विचारले जाते. कायद्याचा आदर राखूनच त्याला उत्तर देता येते. त्याच न्यूयॉर्क राज्यात १९०२ साली एका तरुणीचा दावा चार विरुद्ध तीन मतांनी फेटाळला गेला होता. तिला न विचारता तिचे चित्र पिठाच्या जाहिरातीवर छापून सुमारे २५ हजार प्रती गावोगावी लावण्यात आल्या होत्या. अशा तक्रारीला कायद्यात आधार नाही, असे बहुमताने ठरले. लोक इतके संतापले की दुसऱ्याच वर्षी, १९०३ मध्ये, विधिमंडळाला लेखी संमतीवाचून कोणाचे चित्र जाहिरातीसाठी किंवा व्यापारासाठी वापरण्यास बंदी करावी लागली. तेव्हा कायदा हा विवेकाच्या मागून येतो, पुढून नव्हे, हे त्या राज्याच्याच इतिहासाने दाखवले आहे.

शिवाय सगळी न्यायालये एकाच मताची नाहीत. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात एक सतरा वर्षांची मुलगी एका इमारतीच्या पायरीवर बसली होती. एका छायाचित्रकाराने तिला न विचारता तिचे चित्र घेतले आणि १९८८ साली ते एका कलाविषयक मासिकात छापून आले. चित्रात अश्लील किंवा बदनामीकारक असे काहीही नव्हते. मासिकाच्या ७२२ प्रती खपल्या होत्या. पण शाळेत मुले तिला हसली. दावा दहा वर्षे चालला, आणि १९९८ च्या एप्रिलमध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. भरपाई अवघी दोन हजार डॉलर होती. निर्णयाचे मोल रकमेत नाही. कलावंताचे स्वातंत्र्य मोठे आहे, पण ज्या माणसाला सहज ओळखता येते त्याच्या प्रतिमेवरील त्याचा हक्क त्या स्वातंत्र्यापोटी आपोआप विरघळत नाही, हे त्या न्यायालयाने मान्य केले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीही २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. माणूस सार्वजनिक जागी आला एवढ्यानेच तो हक्क गमावत नाही, हा विचार त्या निकालपत्रात मांडलेला आहे.

आता प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे घेऊ. विचारले की चेहरा बदलतो, माणूस सावध होतो, केस सारखे करतो, हसतो. सत्य निसटून जाते. विचारूनच छायाचित्रे काढायची ठरली, तर शहरांचा अर्धा इतिहास अंधारात जाईल. या युक्तिवादात तथ्य आहे. १९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात डोरोथिया लँग हिने वाटाणे खुडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका मातेचे छायाचित्र घेतले नसते, तर त्या तळावर सरकारी अन्न इतक्या तातडीने पोचले नसते. १९८४ साली भोपाळमध्ये विषारी वायूने मेलेल्या बालकाचे दफन होताना कोणी छायाचित्रकार परवानगीच्या विचाराने मागे फिरला असता, तर त्या अपराधाचा साक्षीदार नाहीसा झाला असता. साक्ष देणाऱ्याला काही सवलत दिलीच पाहिजे. तेथे चित्र त्या पीडितांच्याच बाजूने उभे असते.

परंतु टाइम्स स्क्वेअरमधून घाईने जाणाऱ्या त्या वृद्धावर कोणता अन्याय झाला होता, ज्याची साक्ष द्यायची होती? त्याच्यावर अन्याय झाला तो छायाचित्रानेच. आणि लँगच्या उदाहरणातही एक सल आहेच. तिने त्या मातेचे नाव विचारले नव्हते. ती कोण, हे जगाला १९७८ साली कळले. अन्न तळावर पोचले, पण तोवर ती आपली मुले घेऊन पुढच्या गावी निघून गेली होती. तिचा चेहरा साऱ्या जगाच्या पुस्तकांत शिरला आणि ती स्वतः मात्र उतारवयात म्हणत राहिली की हे छायाचित्र घेतले गेले नसते तर बरे झाले असते. एवढ्या मोठ्या साक्षीलाही एवढी किंमत पडते. मग निव्वळ हौसेसाठी ती किंमत दुसऱ्याला मोजायला लावणे कितपत योग्य?

विचारल्याने सत्य निसटते, हेही पूर्ण खरे नाही. १९५० आणि १९५१ साली आयर्विंग पेन याने पॅरिस, लंडन व न्यूयॉर्क येथील खाटीक, पाववाले, झाडूवाले, भंगारवाले अशा कष्टकऱ्यांना आपल्या स्टुडिओत बोलावले. त्यांना मोबदला दिला, साध्या पडद्यापुढे हातात अवजार देऊन उभे केले. त्यांच्यापैकी काही अमेरिकन मंडळी कामाचे कपडे टाकून, दाढी करून, रविवारचा सूट घालून आली! पेनला कामाचे कपडे हवे होते. त्यांना मात्र आपण कसे दिसावे याविषयी स्वतःचे मत होते. मला ते दाढी करून आलेले लोक फार आवडतात. स्वतःला नीटनेटके दाखवण्याची इच्छा हेही माणसाचे सत्यच आहे. बेसावध क्षणीचा थकवा तेवढाच खरा, असे कोणी ठरवले? रिचर्ड ॲव्हेडनने १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात भटकून खाणकामगार, गुराखी, वाटसरू यांना पांढऱ्या कागदापुढे उभे केले. तो त्यांच्या समोर, कॅमेऱ्याच्या शेजारी उभा राही, आणि चित्राखाली त्यांचे नाव, धंदा, गाव व तारीख लिही. त्याने त्या लोकांना फार उदास रंगवले, असा आक्षेप त्याच्यावर घेतला गेला, आणि तो विचार करण्याजोगा आहे. पण त्या लोकांनी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिले होते. आणि वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ मध्ये कोटाखाली कॅमेरा दडवून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत चेहरे टिपले खरे, परंतु त्यांचे पुस्तक त्याने १९६६ पर्यंत काढले नाही. पंचवीस वर्षे थांबण्याची लाज त्याला होती. आजच्या हौशी छायाचित्रकाराला पंचवीस मिनिटेही थांबवत नाही.

हा परदेशातला वाद आहे, आपला काय संबंध, असे कोणी समजू नये. मुंबईने हा प्रकार फार पूर्वी अनुभवला आहे. विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतील रहिवासी व येणारेजाणारे यांचे दोन सचित्र खंड प्रसिद्ध केले. माणसांची चित्रे वेगळी घेतली, मागची दृश्ये वेगळी, आणि दोन्ही जोडून दिली. खाली माणसाचे नाव नसे. जातीचे, जमातीचे असे. माणूस हा नमुना झाला. आज नमुन्याच्या चिठ्ठ्या बदलल्या आहेत. 'जात' या शब्दाऐवजी 'कष्टाचे सौंदर्य', 'सुरकुत्यांमधली कहाणी' असे काव्यमय शब्द आले आहेत. नाव मात्र आजही नसते.

माझ्या ओळखीच्या एक बाई पहाटेच्या गाडीने फुले घेऊन दादरला जातात. एका तरुणाने बाजारात त्यांचे असेच दिव्यासह छायाचित्र घेतले आणि इन्स्टाग्रामवर टाकले. खाली गरिबीविषयी चार हळव्या ओळी लिहिल्या. ते हजारो लोकांना आवडले. शेजारच्या मुलाने दाखवले तेव्हा बाईंना कळले. मला म्हणाल्या, "फादर, मी गरीब कधी होते? दोन्ही मुलींना नर्स केले, घर बांधले. त्या दिवशी मी दमले होते, एवढेच."

"बाय, तुम्ही त्याला काही बोलला नाहीत?" मी विचारले.

"बोलायला तो थांबला कुठे? गजऱ्याचा भाव विचारायला माणूस थांबतो. हा तेवढाही थांबला नाही."

या उत्तरात या लेखाचे सार आले आहे. दहा रुपयांच्या गजऱ्याला विचारणा करावी लागते, आणि चेहरा फुकट! त्या तरुणाचा हेतू वाईट नसेल. त्याला तिच्याविषयी कळवळाही वाटला असेल. पण ज्या कळवळ्याला दोन शब्द बोलण्याची सवड नसते, तो स्वतःच्याच प्रेमात पडलेला असतो.

अलीकडे एक सुधारणा झाली आहे, असे सांगितले जाते. काही छायाचित्रकार आता विचारतात. 'तुमचा चेहरा फार सुंदर आहे, एक फोटो काढू का?' असे म्हणतात. छान वाटते. परंतु त्याच वेळी त्यांच्या छातीवर लावलेला दुसरा छोटा कॅमेरा त्या माणसाचे दचकणे, लाजणे, डोळे भरून येणे हे सगळे टिपत असतो, आणि लोक पाहतात ते मुख्यतः हेच. म्हणजे परवानगी मागण्याचाच तमाशा झाला. जिला 'नाही' म्हणायचे होते, तिचे 'नाही'सुद्धा आधीच टिपले गेले. रस्त्यात माणसांचा घोळका, समोर लखलखते दिवे, हसतमुख तरुण. अशा वेळी एखादी लाजरी मुलगी किंवा पदपथावर झोपणारा मजूर 'होय' म्हणतो, तेव्हा त्या होकारात किती स्वातंत्र्य असते?

आणि आज या प्रश्नाला एक भयंकर धार आली आहे. २००६ च्या न्यायालयापुढे चेहरा म्हणजे भिंतीवरचे एक चित्र होते. आज चेहरा ही किल्ली आहे. क्लिअरव्ह्यू एआय या कंपनीने लोकांना न विचारता इंटरनेटवरून तीन अब्जांहून अधिक छायाचित्रे गोळा केल्याचे २०२० च्या जानेवारीत उघडकीस आले. एक चेहरा यंत्राला दिला की त्या माणसाची इतर चित्रे आणि ती कोठून आली ते समोर येते. चित्र जितके स्वच्छ, प्रकाश जितका नेमका, तितके यंत्राचे काम सोपे. मारकुट्या नवऱ्यापासून लपून दुसऱ्या शहरात राहणारी स्त्री, घरच्यांचा रोष पत्करून विवाह केलेले जोडपे, यांचा स्टुडिओच्या तोडीचा चेहरा शहराच्या नावासह जगापुढे टांगणे म्हणजे काय, याचा विचार त्या छंदिष्ट तरुणाने केलेला नसतो. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाचे भय त्याच्या कपाळावर लिहिलेले नसते. म्हणून तर विचारायचे.

आपण क्रुसाची वाट करतो, तेव्हा सहाव्या स्थानाशी थांबतो. परंपरा सांगते की घामाने, रक्ताने माखलेला तो चेहरा पाहायला रस्त्यावर पुष्कळ गर्दी होती. वेरोनिका पुढे झाली ती पुसण्यासाठी, घेण्यासाठी नव्हे. तिच्या वस्त्रावर उमटलेली प्रतिमा तिला मिळाली ती देणगी म्हणून. प्रत्येक मानवी चेहऱ्यात निर्मात्याचे प्रतिबिंब आहे असे मानणाऱ्या आपल्यासारख्यांना यापेक्षा स्पष्ट धडा कोणता हवा? चेहरा हा दिला जातो. तो घ्यायचा नसतो.

तेव्हा ज्या घरांत मुलांच्या हाती कॅमेरा आहे, आणि आज तो कोणत्या घरात नाही, त्या घरांतील मातापित्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. मुलांना छायाचित्रण अवश्य शिकू द्या. ती थोर कला आहे. पण भिंग आणि दिवा शिकवण्याआधी चार गोष्टी शिकवा. कॅमेरा खाली ठेवून आधी बोलावे. चित्र कोठे जाणार, कोण पाहणार, हे सांगावे. नाव विचारावे, आणि ते लिहावे की नाही हेही विचारावे. चित्राची एक प्रत त्या माणसाच्या हाती पोचवावी. आणि कोणी 'नको' म्हणाले, तर आभार मानून पुढे जावे. त्या नकाराचे कारण विचारू नये. आमच्या धर्मग्रामाच्या सणाला होणाऱ्या छायाचित्रस्पर्धेत यंदापासून, चित्रातील माणसाची संमती असल्याशिवाय कोणाही अनोळखी व्यक्तीचे चित्र स्वीकारले जाणार नाही. चर्चच्या दाराशी बसणाऱ्या भिकाऱ्यालाही हा नियम लागू आहे. त्याच्यापुढे वाडगा असला, तरी चेहरा त्याने दानात मांडलेला नाही.

यामुळे काही उत्तम छायाचित्रे हुकतील, हे मला मान्य आहे. हुकू द्यावीत. जगात चांगल्या छायाचित्रांचा तुटवडा नाही. अनोळखी माणसापुढे दोन क्षण थांबून त्याला 'चालेल ना?' असे विचारणाऱ्यांचा मात्र आहे.